तपासणीत दोष निघालेलं पिल्लू घ्यावं का? तब्येत आणि विमा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू पसंत पडलेलं असतं, घरात नावही ठरलेलं असतं, आणि तपासणी करता करता डॉक्टर म्हणतात, "एक गोष्ट सांगायची आहे." त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. मी पशुवैद्य नाही. वीसेक वर्षं कुत्री पाळते आहे, पिल्लू घ्यायला निघालेल्या बऱ्याच जणांबरोबर दवाखान्यात जाऊन बसले आहे, आणि एकदा हा प्रसंग माझ्यावरही आला होता. त्याबद्दल पुढे सांगेनच.

तपासणीत काहीतरी निघालं आहे. सगळ्यात आधी काय करू?

पिल्लू मांडीवरून खाली ठेवा. हे मी शब्दशः सांगते आहे. आठ आठवड्यांचं पिल्लू मांडीवर झोपलेलं असताना 'नाही' तर म्हणवत नाहीच, पण 'हो' देखील विचार करून म्हटलं जात नाही.

मग कागद मागा. "थोडा प्रॉब्लेम आहे, पण होईल ठीक" एवढ्यावर उठू नका. दोषाचं नाव काय, तो किती तीव्र आहे, पुढची तपासणी कोणती आणि ती कधी करायची, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. हाच कागद दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना लागतो, विक्रेत्याशी बोलताना लागतो आणि विमा कंपनीला विचारतानाही लागतो.

तोवर उरलेले पैसे देऊ नका आणि पिल्लू घरी नेऊ नका. "नेऊन तर बघा, नाही जमलं तर परत आणा" असं विक्रेता म्हणेल, मनापासूनही म्हणेल. पण घरी आणून चार रात्री उशाशी झोपलेलं पिल्लू परत देणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

आणि एक प्रश्न वहीत लिहून ठेवा: या दोषासाठी विम्यातून कधीच काही मिळणार नाही असं धरलं, तरी या कुत्र्याचा खर्च आणि त्याची काळजी आपल्याला शेवटपर्यंत झेपेल का? बाकीची सगळी उत्तरं याच प्रश्नासाठी आहेत.

विक्रेत्याने तब्येतीचा दाखला दिलाय. पुन्हा तपासायची गरज आहे का?

आहे. तो दाखला खोटा असेलच असं नाही. पण एकाच फेरीत सात-आठ पिल्लं बघायची, लस द्यायची, जंतांचं औषध द्यायचं, अशा घाईत दिलेला दाखला आणि शांत खोलीत एकाच पिल्लाला दिलेली वीस मिनिटं यांत फरक पडतोच. हृदयाच्या ठोक्यांमधला हलका जादा आवाज, म्हणजे मर्मर, गोंगाटात ऐकू येत नाही. शिवाय त्या डॉक्टरांना विक्रेत्याने बोलावलेलं असतं. तुमच्या डॉक्टरांना तुम्ही विचारू शकता, "तुमच्या घरी हे पिल्लू आणलं असतंत का?" हा प्रश्न मी दर वेळी विचारते. डॉक्टर उत्तर द्यायला किती वेळ घेतात त्यावरूनही बरंच कळतं.

'हृदयात मर्मर आहे' म्हणजे नेमकं काय?

ठोके ऐकताना 'लब-डब' असे दोन स्वच्छ आवाज यायला हवेत. त्यांच्या मधे वाहत्या पाण्यासारखा किंवा फुंकर घातल्यासारखा आवाज आला, तर त्याला मर्मर म्हणतात. मर्मर हे आवाजाचं नाव आहे, आजाराचं नाही. आवाज कशामुळे येतोय ते पुढे शोधावं लागतं.

त्याचे १ ते ६ असे ग्रेड असतात. १ म्हणजे शांत खोलीत कान देऊन ऐकल्यावर जेमतेम जाणवणारा. ५ आणि ६ म्हणजे छातीवर नुसता हात ठेवला तरी थरथर लागते असा.

वाढत्या पिल्लांमध्ये १ किंवा २ ग्रेडचा मऊ मर्मर पुष्कळदा आढळतो आणि त्यामागे कोणताही दोष नसतो. लहान हृदयातून रक्त वेगाने जातं, त्या वयात रक्त थोडं पातळही असतं, त्यामुळे आवाज येतो. असा निरुपद्रवी मर्मर साधारण चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत आपोआप जातो. पिसवा किंवा जंतांमुळे रक्त कमी झालेलं असलं, ताप असला, पिल्लू फार घाबरलेलं असलं, तरीही तात्पुरता मर्मर ऐकू येऊ शकतो. म्हणून पहिल्या भेटीत ऐकलेल्या हलक्या आवाजावरून लगेच निराश होऊ नये.

पण फक्त ग्रेडवरही विसंबू नये. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मुख्य धमनीच्या तोंडाशी, झडपेच्या खाली, रस्ता अरुंद असण्याचा एक जन्मजात दोष आहे. न्यूफाउंडलंड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बॉक्सर या जातींत तो जास्त दिसतो. यात आठव्या आठवड्यात आवाज अगदी हलका असू शकतो आणि पिल्लू वाढेल तसा तो वाढत जातो. दोष तीव्र असेल तर तरणंताठं कुत्रं खेळता खेळता अचानक कोसळू शकतं. या जातींच्या पिल्लाबाबत "हलकाच आहे, जाईल" हे मी कुणाच्याही तोंडून मान्य करणार नाही, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्याशिवाय तर नाहीच.

आता आमच्या चिमीचं सांगते. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप नेहमीच्या जागी ठेवला, मग हळूहळू डाव्या काखेत वर सरकवला आणि तिथेच थांबले. पंखा बंद करायला सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझा हात धरून तिच्या छातीवर, कोपराच्या जरा वर, टेकवला. बरगड्यांखाली काहीतरी सारखं घुरघुरत होतं, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तसं, मधे खंडच नाही. चिमी आपली माझ्या घड्याळाचा पट्टा चावत होती. तिला कसलाच त्रास होत नव्हता, आणि तेच मला सगळ्यात अवघड गेलं.

अखंड मर्मर ऐकू आला की पहिला संशय पीडीएचा, म्हणजे जन्माआधीची एक रक्तवाहिनी उघडी राहण्याचा, असतो. पोटात असताना पिल्लाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, म्हणून रक्त त्यांना वळसा घालून जावं यासाठी दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटायला हवी. ती उघडी राहिली तर रक्त उलटं फुप्फुसांकडे वळत राहतं आणि हृदयाच्या डाव्या बाजूवर भार येतो. उपचार न केल्यास निम्म्याहून जास्त कुत्री निदानानंतर वर्षभरात दगावतात. वेळेवर ती नळी बंद केली, मग शस्त्रक्रियेने असो की मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालून, तर बहुतेक कुत्री पूर्ण आयुष्य जगतात. जन्मजात हृदयदोषांत इतका नीट दुरुस्त होणारा दुसरा दोष क्वचितच असेल.

इको लगेच करावा की मर्मर जातोय का ते बघावं?

ग्रेड १ किंवा २, पिल्लू खेळकर, वजन वाढतंय आणि जात हृदयदोषांसाठी ओळखली जाणारी नाही, असं असेल तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐकायला सांगतात. ते रास्त आहे. ग्रेड ३ किंवा त्याच्या वर, अखंड आवाज, किंवा पिल्लू भावंडांपेक्षा लहान आणि लवकर दमणारं असेल, तर थांबू नका. हृदयतज्ज्ञ पशुवैद्याकडून कलर डॉपलरसह (त्यात रक्ताचा प्रवाह रंगांत दिसतो) इको करून घ्या.

थांबायचं ठरलं तर त्या काळात पिल्लू कोणाकडे राहणार हा खरा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: विक्रेत्याकडे. प्रामाणिक ब्रीडर याला तयार होतो. चिमीला तिच्या ब्रीडरने इकोची तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे सांभाळलं आणि तेवढ्या काळात दुसरं गिऱ्हाईक शोधलं नाही.

हृदय सोडून आणखी कोणते दोष निघतात? त्यातले किरकोळ कोणते?

बेंबीचा हर्निया सर्रास दिसतो. बोटाने दाबल्यावर आत जाणारी मऊ, छोटी गाठ असेल तर ती पुष्कळदा सहा महिन्यांपर्यंत आपोआप मिटते, किंवा नसबंदीच्या वेळी त्याच भुलेत शिवून टाकता येते. मोठी असेल, आत जात नसेल, किंवा हात लावल्यावर पिल्लू कळवळत असेल, तर ते तातडीचं काम आहे.

नर पिल्लात एकच अंडकोष उतरलेला असणं ही दुसरी नेहमीची गोष्ट. दोन महिन्यांपर्यंत दोन्ही खाली यायला हवेत, काहींना उशीर होतो, पण सहा महिन्यांनंतर आशा धरत नाहीत. पोटात राहिलेल्या अंडकोषात पुढे गाठ होण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून तो काढावा लागतो. ती शस्त्रक्रिया साध्या नसबंदीपेक्षा मोठी असते. अशा नरापासून पैदास करू नये, कारण दोष पुढच्या पिढीत जातो. पाळायला मात्र हा कुत्रा उत्तम. मी एवढ्या कारणावरून पिल्लू नाकारणार नाही.

चेरी आय म्हणजे तिसऱ्या पापणीची ग्रंथी बाहेर येऊन डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारी लाल गाठ. दिसायला भीतीदायक, पण बरी होणारी. फक्त ती कापून टाकायला होकार देऊ नका. डोळ्यातल्या पाण्याचा मोठा वाटा, साधारण एक तृतीयांश, तीच ग्रंथी तयार करते. ती काढली की डोळा कोरडा पडण्याचा धोका वाढतो आणि मग जन्मभर थेंब घालावे लागतात. ती पुन्हा जागेवर बसवून टाके घालतात. एका डोळ्याला झालं की दुसऱ्यालाही होण्याची बरीच शक्यता असते, आणि विम्याच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची ठरते. पुढे त्याबद्दल येईलच.

लहान चणीच्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते. १ ते ४ ग्रेड. १ मध्ये वाटी हाताने ढकलल्यावर सरकते आणि सोडली की जागेवर येते. ४ मध्ये ती कायम बाहेरच असते. पिल्लू चालता चालता मागचा पाय उचलून दोन उड्या मारतं आणि पुन्हा नीट चालतं, असं दिसलं तर डॉक्टरांना गुडघे बघायला सांगा.

चपट्या तोंडाच्या जातींबद्दल मला काळजीने बोलावंसं वाटतं. झोपेत घोरणारं पग किंवा बुलडॉगचं पिल्लू गोड वाटतं. ते घोरणं म्हणजे अरुंद नाकपुड्यांतून आणि लांब पडलेल्या टाळूवरून ओढून घेतलेला श्वास असतो. त्रास किती आहे ते लहानपणी पूर्ण कळत नाही. केंब्रिज विद्यापीठाने विकसित केलेली श्वसनाची ग्रेडिंग चाचणी, ० ते ३ अशी, कुत्रं किमान एक वर्षाचं झाल्यावरच करतात. म्हणून अशा पिल्लाबाबत आई-वडिलांची ग्रेड विचारायची. आईला तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवायला सांगा आणि तिचा श्वास ऐका. चालून झाल्यावर ती घशातून आवाज काढत धापा टाकत असेल, तर पिल्लाकडे बघूच नका.

पिल्लाला जुलाब होतायत, विक्रेता म्हणतो जागा बदलल्यामुळे. घेऊ का?

आज नको. कदाचित खरंच साधं कारण असेल. पण लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लात जुलाब, उलट्या आणि मरगळ एकत्र दिसली तर पार्व्हो या विषाणूची चाचणी आधी. तिचा निकाल दवाखान्यात काही मिनिटांत मिळतो. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे काल धडधाकट दिसलेलं पिल्लू आज आजारी असू शकतं. घरी दुसरं कुत्रं असेल तर आणखी सांभाळा.

लसींचं वेळापत्रकही तेव्हाच तपासा. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लवकर दिलेली लस निकामी करू शकते, म्हणून हा शेवटचा डोस चुकवायचा नाही. "सगळ्या लसी झाल्यात" असं नऊ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल कुणी सांगत असेल, तर ते खरं असू शकत नाही.

आई-वडिलांच्या कोणत्या चाचण्या मागायच्या?

जातीवर अवलंबून आहे. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे पाहायचेच. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण, दोन्ही मिळून जास्तीत जास्त १०६, आणि आकडा जितका कमी तितका सांधा चांगला. अमेरिकेतल्या ओएफए या सांधे तपासून दाखला देणाऱ्या संस्थेचा अंतिम दाखला कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावरच मिळतो. म्हणजे दीड वर्षाच्या कुत्रीची पिल्लं विकताना कोणी "ओएफए पास" म्हणत असेल, तर तारीख विचारा.

डीएनए चाचण्या आता पुष्कळ झाल्या आहेत. २००५ साली टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर एकेका जनुकामुळे होणारे आजार झपाट्याने शोधले गेले. कोली आणि तिच्या जवळच्या जातींत एमडीआर१ या जनुकातला दोष शोधणारी चाचणी अवश्य पाहा, कारण तो दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखं औषध मोठ्या मात्रेत दिलं तर जिवावर बेततं. पण 'डीएनए क्लिअर' म्हणजे सर्व बाजूंनी निरोगी असं समजू नका. खुब्याचा दोष अनेक जनुकं, वजन आणि आहार यांतून घडतो. एका चाचणीत तो सापडत नाही.

अहवालात 'वाहक' असं लिहिलं असेल तर घाबरू नका. दोन सदोष प्रती लागणाऱ्या आजारात एकच प्रत असलेलं कुत्रं स्वतः आजारी पडत नाही.

विमा कंपन्या 'आधीपासूनचा आजार' कशाला म्हणतात?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. निदान झालेलं असायलाच हवं असं नाही. पॉलिसी सुरू होण्याआधी किंवा प्रतीक्षा काळात (पॉलिसी घेतल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस, ज्यांत आजाराचा खर्च मिळत नाही) लक्षण दिसलं असेल, तरी तो आजार आधीपासूनचा धरला जातो. लसीकरणाच्या नोंदीत डॉक्टरांनी "मागच्या उजव्या पायाने किंचित लंगडतंय" एवढी ओळ लिहिलेली असते, ती तुमच्या लक्षातही नसते, आणि दोन वर्षांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा क्लेम त्या ओळीवर नाकारला जातो. क्लेम आला की कंपनी सगळ्या दवाखान्यांतून जुन्या नोंदी मागवते.

दुसरी गोष्ट, वगळण्याचा आवाका. 'मर्मर' नोंदवलेला असेल तर फक्त मर्मर वगळत नाहीत, "हृदय व रक्ताभिसरणाशी संबंधित सर्व विकार" असं लिहिलेलं असू शकतं. आमच्या पॉलिसीत नेमके हेच शब्द आहेत. याचा अर्थ चिमीला म्हातारपणी झडपेचा आजार झाला, ज्याचा पीडीएशी संबंध नाही, तरी तो खर्च आमचाच.

तिसरी, दुहेरी अवयवांचा नियम. अनेक पॉलिसींत डोळे, गुडघे, खुबे हे जोडीने धरतात. डाव्या डोळ्याला चेरी आय आधी झालेला असेल, तर उजवाही वगळला जातो. चेरी आय दुसऱ्या डोळ्यालाही होतो, हे आठवा.

मग विमा आधी काढून डॉक्टरांकडे नंतर जाऊ का?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, हळू आवाजात. करू नका. पहिलं कारण, तो खोटेपणा आहे. माहीत असलेली गोष्ट अर्जात लपवली तर कंपनी नुसता तो क्लेम नाकारत नाही, पूर्ण पॉलिसी रद्द करू शकते, आणि त्यानंतर दुसरीकडे विमा मिळणंही अवघड होतं. दुसरं, त्याचा उपयोगही नाही. प्रतीक्षा काळात निघालेला आजार वगळलाच जातो, आणि जन्मजात दोषांसाठी अनेक पॉलिसींत स्वतंत्र कलम असतं. तिसरं, जो वेळ तुम्ही असा घालवाल, त्या वेळात पिल्लाला उपचार मिळायला हवे होते.

पिल्लू निरोगी असेल तर मात्र घरी आणायच्या दिवसापासूनच विमा सुरू करा. "थोडं मोठं झालं की काढू" म्हणता म्हणता पहिला जुलाब, पहिली खाज, पहिलं लंगडणं नोंदीत जातं. आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ बहुधा १४ दिवसांच्या आसपास असतो, अपघातांसाठी त्याहून कमी. गुडघ्याच्या लिगामेंटसाठी काही पॉलिसींत सहा महिन्यांपर्यंत.

कोणत्या प्रकारची पॉलिसी घ्यावी?

चार प्रकार भेटतात. फक्त अपघाताची. ठरावीक महिन्यांपर्यंतच एखाद्या आजाराचा खर्च देणारी. प्रत्येक आजाराला एकूण ठरावीक रक्कम देणारी. आणि दर वर्षी मर्यादा नव्याने भरणारी. कातडीची ॲलर्जी, मधुमेह, सांधेदुखी असे जन्मभराचे आजार फक्त शेवटच्या प्रकारात नीट सांभाळले जातात, तेही एकही वर्ष खंड न पाडता नूतनीकरण केलं तरच. बारा महिन्यांची पॉलिसी स्वस्त दिसते. वर्ष संपलं की तोच आजार 'आधीपासूनचा' होऊन बसतो.

हप्ता वयाबरोबर वाढतो. आजचा हप्ता बघून ठरवू नका. त्याच जातीच्या आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्यासाठी आज किती हप्ता पडतो, ते विचारा.

कंपनीला नेमकं काय विचारू?

फोनवर गोड उत्तरं मिळतात, म्हणून ईमेल करा. डॉक्टरांचा कागद जोडा आणि विचारा: हा दोष वगळणार का? वगळताना कोणते शब्द वापरणार? एकच अवयव की त्याच्याशी जोडलेली शरीराची पूर्ण यंत्रणा? दोष बरा झाला किंवा मर्मर गेला, तर ती अट काढता येते का, किती काळ लक्षणं नसावी लागतात आणि कोणता अहवाल लागतो? जन्मजात आणि आनुवंशिक आजार धरले आहेत का? भूल देताना या दोषामुळे दुसऱ्याच शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली तर क्लेम देणार का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि हृदयदोष असलेल्या कुत्र्यासाठी तो फार मोलाचा आहे.

दोन-तीन कंपन्यांना हेच पत्र पाठवा. उत्तरांत फरक पडतो.

मर्मर पुढे गेला, तर वगळण्याची अट निघते का?

बऱ्याच कंपन्या पुनर्विचार करतात, पण आपण होऊन नाही. सहाव्या महिन्यानंतर पुन्हा तपासणी करून "मर्मर ऐकू येत नाही" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. इको केलेला असेल तर "हृदयाची रचना सामान्य" हा शेरा त्याहून जोरकस. ते पाठवा आणि बदललेली पॉलिसी हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.

विक्रेता किंमत कमी करतोय. परवडेल ना?

पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते. कुत्र्याचं आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचं असतं. निम्म्या किमतीत मिळालेल्या पिल्लाचा पहिला इको आणि पहिली शस्त्रक्रियाच वाचलेल्या पैशांहून कितीतरी जास्त होते. सूट मिळतेय तर जरूर घ्या, पण निर्णय त्यावर घेऊ नका. सवलतीपेक्षा मी दोन गोष्टी लिहून मागेन: तपासणीचा खर्च विक्रेत्याने द्यावा, आणि ठरलेल्या मुदतीत गंभीर दोष निश्चित झाला तर पूर्ण पैसे परत मिळावेत.

विमा नसला तर पैशांची तयारी कशी करायची?

तज्ज्ञ डॉक्टरांकडून लेखी अंदाज घ्या: शस्त्रक्रिया, भूल, राहणं, औषधं, पुढच्या वर्षीच्या तपासण्या. "सगळं सुरळीत झालं तर" आणि "गुंतागुंत झाली तर" असे दोन आकडे मागा. दुसरा आकडा आज हातात आहे का ते पाहा. मग दर महिन्याला विम्याच्या हप्त्याइतकी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहा. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे खातं भरायला वर्षं लागतात आणि पिल्लू तिसऱ्या महिन्यातही आजारी पडू शकतं. म्हणून वगळलेल्या दोषासाठी खातं आणि बाकी सगळ्यासाठी विमा, असं दोन्ही ठेवणं मला बरं वाटतं.

मी नाही म्हटलं तर पिल्लाचं काय होईल?

हा विचार मनातून जात नाही, मला माहीत आहे. चिमीच्या आधी एक पिल्लू आम्ही नाकारलं होतं. त्याच्या यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी होती, जेवल्यावर ते भिंतीशी डोकं टेकवून उभं राहायचं. त्या वर्षी घरात आजारपण होतं, पैसे तिकडे जात होते, आणि दिवसभर त्याच्याजवळ थांबणारं कुणी नव्हतं. आम्ही नाही म्हणालो. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. आजही मला वाटतं की ते उत्तर बरोबर होतं. ज्या घरी त्याला शस्त्रक्रिया मिळणार नव्हती, त्या घरी आणून आम्ही त्याचं काही भलं केलं नसतं.

नाही म्हणताना पिल्लासाठी एक काम जरूर करा. तपासणीचा अहवाल विक्रेत्याला द्या, म्हणजे पुढच्या घराला खरं कळेल आणि त्या आई-वडिलांची जोडी पुन्हा लावायची की नाही, याचा विचार होईल.

मुलांना कबूल करून बसलोय. आता काय सांगू?

खरं सांगा. पिल्लाच्या हृदयात दोष आहे, डॉक्टर बघतायत, अजून ठरलं नाही. मुलं हे समजून घेतात. पुढच्या वेळी मात्र तपासणी झाल्यावरच मुलांना न्या.

पिल्लू घरी आणलं आणि आठवडाभरात दोष निघाला. आता?

त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा, अहवाल जोडून. करारात मुदत असेल तर ती सहसा फार कमी असते. विमा कंपनीलाही कळवा, प्रतीक्षा काळात असलात तरी. आणि उपचार या पत्रव्यवहारासाठी अडवून ठेवू नका. पैशांचा वाद नंतरही घालता येतो.

चिमीचं पुढे काय झालं?

इकोमध्ये पीडीए निश्चित झाला, बाकी हृदय चांगलं होतं. वहीतला तो प्रश्न आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून वाचला, दोन्ही आकडे समोर ठेवले आणि हो म्हटलं. पाचव्या महिन्यात मांडीतून नळी घालून दोष बंद केला. शुद्धीवर आल्यावर मी तिच्या छातीवर तिथेच हात ठेवला. घुरघुर थांबली होती. फक्त ठोके लागत होते, दोन-दोन, वेगळे वेगळे.

आता ती नऊ वर्षांची आहे. दर वर्षी डॉक्टर आधी डावी काख ऐकतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर हृदयाची ती ओळ अजून तशीच आहे. मागच्या वर्षी तिचं गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, त्याचा क्लेम मिळाला. भूल देण्याआधीचा इको मात्र त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून नाकारला, तो आम्ही खात्यातून भरला.